तळपायाचं काजळ

केरबा सर आमच्या शाळेत इतिहास शिकवायचे आणि डोळ्यांत काजळ घालायचे. शाळा गारखेड्यातली, दहावीपर्यंतची. नवीन मुलं पहिल्या आठवड्यात त्यांच्या डोळ्यांकडं बघून एकमेकांना कोपरानं ढोसायची, दुसऱ्या आठवड्यात त्यांना 'काजळ सर' म्हणायला लागायची आणि तिसऱ्या आठवड्यात विसरून जायची. आम्ही मास्तर लोक मात्र वर्षानुवर्षं विसरलो नाही.

"काय सर, आज लग्न कुणाचं?" स्टाफरूममध्ये कुणीतरी सुरू करायचं.

"बायको विचारत होती, कुठल्या कंपनीचं वापरता?" दुसरा.

"मायचं," केरबा सर डबा उघडत म्हणायचे. "कंपनी एकच. माल बाजारात मिळत नाय."

हसणाऱ्यांमध्ये मीही असायचो. मी विज्ञान शिकवतो. काजळी म्हणजे निव्वळ कार्बन, त्यानं डोळ्याचं काही भलं होत नाही, असं मी त्यांना अनेकदा ऐकवलं. ते ऐकून घ्यायचे. "डोळा म्हणजे उंबरा आहे हो कुलकर्णी. सारवलेला बरा दिसतो," एवढंच म्हणायचे, आणि भाकरीचा तुकडा मोडायचे.

सावळा चेहरा, जाड मिशी, पांढरा शर्ट, आणि पापण्यांच्या कडेनं ती बारीक काळी रेघ. वर्गात रागावले तर नुसतं बघायचे. काजळामुळं ते बघणं एवढं ठळक व्हायचं, की छडी त्यांना कधी लागली नाही. डोळे चोळायचे नाहीत. जालना रोडच्या वाऱ्यात धूळ गेली तरी गाडी बाजूला घेऊन पापण्या मिटून शांत उभे राहायचे. खिशातल्या रुमालाच्या एका कोपऱ्याला कायम काळा डाग असायचा. तेवढाच कोपरा ते डोळ्याला लावायचे, बाकीचा रुमाल स्वच्छ.

काजळाची हकिगत त्यांनी मला बऱ्याच वर्षांनी सांगितली. त्यांच्या आधी दोन भाऊ झाले आणि दोन्ही तान्हेपणीच गेले. तिसरा मुलगा झाला तेव्हा वैजापूरकडच्या त्या गावात बायकांनी रीतीप्रमाणं केलं. बाळ सुपात घालून केराच्या ढिगावर नेऊन ठेवलं, शेजारणीनं ते 'सापडलं' म्हणून उचललं, आणि आईनं पसाभर ज्वारी देऊन तिच्याकडून विकत घेतलं. जे केरात सापडलं त्याच्यावर कोण डोळा ठेवणार? म्हणून नाव केरबा. आणि त्याच दिवशी आईनं देवापुढं कबूल केलं, मी आहे तोवर याच्या डोळ्यांत माझ्या हातानं काजळ घालीन.

"पण बाळपणी कबूल केलं होतं ना," मी म्हटलं. "आता तुम्ही पन्नाशीचे."

"तिनं वय कुठं सांगितलं होतं देवाला?"

हा नवस सरांना महागात पडला. लग्नाचं वय होतं तेव्हा स्थळं आली. एका मुलीच्या बापानं तोंडावर सांगितलं, नोकरी आहे, शेती आहे, पण मुलगा डोळ्यांत काजळ घालतो. मी त्यांना विचारलं होतं, एक दिवस पुसून गेला असता तर? ते म्हणाले, "एक दिवस पुसून गेलो असतो, तर पुढं रोज पुसून घरी जावं लागलं असतं." नंतर स्थळं यायची थांबली. ते आणि त्यांची आई, सगुणाबाई, दोघंच राहिले. शाळेमागच्या गल्लीत दोन खोल्या, दारात कढीपत्त्याचं झाड.

सहलीला ते मुक्कामी कधी आले नाहीत. एकदा मात्र निवडणुकीची ड्यूटी आली, सिल्लोडच्या पुढं कुठंतरी. टाळता येईना. निघायच्या सकाळी आईनं काजळ घातलं आणि ते परत येईपर्यंत सरांनी तोंड धुतलं नाही. मतदान यंत्रं जमा करून परतले तेव्हा चेहऱ्यावर धुळीचा थर आणि त्यात डोळे जसेच्या तसे. "जरा पाणी मारायचं की हो," मी म्हटलं. म्हणाले, "मायनं घातलेलं मायसमोर न्यायला नको?"

या माणसाला काजळाचा इतिहासही तोंडपाठ होता. अभ्यासक्रमात नसलेला हा धडा ते दर वर्षी नववीला शिकवायचे. हजारो वर्षांपूर्वी मिसर देशात, म्हणजे आजच्या इजिप्तमध्ये, राजा डोळ्यांना काळी रेघ ओढायचा आणि राजाचा शेतमजूरही ओढायचा. उन्हाची तिरीप लागू नये म्हणून, माश्या बसू नयेत म्हणून, आणि देवाची नजर राहावी म्हणूनही. तिथं बाई आणि बुवा असा भेद नव्हता. मुलांना ते अजिंठ्याला न्यायचे, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. एरवी लोक कमळं बघतात, दागिने बघतात. हे म्हणायचे, "पुरुषांचे डोळे बघा रे. वरच्या पापणीची रेघ बघा. आता सांगा, मला कोण हसत होतं?" मग शहागंजातल्या अत्तराच्या दुकानात नेऊन सुरम्याची बाटली दाखवायचे, तिच्यातली बारीक सळई दाखवायचे. तिथला म्हातारा दुकानदार त्यांना ओळखायचा. मी एकदा सोबत होतो, तेव्हा सरांनी एक बाटली विकत मागितली. म्हातारा देईना. "मास्टरसाब, तुम्हारे अम्मा के हात का है ना आँख में? फिर हमारा कायकू लेते?" सुरम्यात शिसं असू शकतं हे मी सांगायच्या बेतात होतो. त्या दोघांचे चेहरे बघून गप्प बसलो.

दहावीच्या निरोपसमारंभाची गोष्ट तर अजून शाळेत सांगतात. मुली साड्या नेसून आल्या होत्या आणि डोळ्यांच्या कडेला लायनरची टोकं काढली होती, मोबाइलवर बघून बघून. कुणाचं टोक भुवईकडं चाललेलं, कुणाचं कानाकडं. मुख्याध्यापिका बाईंनी दारातच अडवलं. "हे काय सोंग? नळावर जा आणि धुऊन या. त्याशिवाय हॉलमध्ये यायचं नाही." मुली रडवेल्या होऊन नळाकडं निघाल्या. केरबा सर खुर्च्या लावत होते. ते खुर्ची ठेवून मुलींच्या मागं गेले आणि नळाच्या रांगेत उभे राहिले.

"तुम्ही कुठं, सर?" बाई म्हणाल्या.

"धुवायला. नियम आहे ना, मॅडम. मग आधी माझं."

बाईंनी त्यांच्या डोळ्यांकडं पाहिलं. मग वळून आत गेल्या. मुलींनी डोळे धुतले नाहीत. एका मुलीला सर जाता जाता म्हणाले, "दोन्हीकडची टोकं सारखी येत नाहीत ना? अगं, कुणाचीच येत नसतील. चालू द्या." त्या वर्षीच्या गटफोटोत बारा-पंधरा जोड्या काळ्याभोर डोळ्यांच्या आहेत आणि मधोमध केरबा सर. मी कडेला आहे, कॅमेऱ्याकडं न बघता.

सगुणाबाईंची दृष्टी काचबिंदूनं गेली. उशिरा कळलं, उपाय राहिला नाही. पण सकाळचा क्रम चुकला नाही. त्या ओसरीवर पाटावर बसायच्या, सर समोर मांडी घालायचे. त्या डाव्या हातानं हनुवटी धरायच्या, उजव्या हाताच्या बोटावर काजळ घ्यायच्या. "वर बघ." बोट डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून बाहेरच्या कोपऱ्यापर्यंत एकाच ओढीत जायचं. उरलेलं कानामागं टेकवायच्या आणि दोन्ही हात कानशिलांवर नेऊन कडाकड बोटं मोडायच्या. सरांनी पाया पडायचं, मग चहा. काजळ आता सर धरायचे, त्यांच्या सांगण्याप्रमाणं. एरंडेलाचा दिवा, त्यावर उपडी तांब्याची ताटली, खरवडलेल्या काजळीत साजूक तूप. त्या नुसत्या वासावरून सांगायच्या, "तूप जास्ती झालं रे. ओघळंल."

आता जे सांगायचं आहे ते मला नीट सांगता यायला हवं.

सर वर्गात तारखा चुकायला लागले. फळ्यावर त्यांच्याच हातानं लिहिलेलं त्यांना वाचता येईना. मीच त्यांना डॉक्टरकडं नेलं. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत आला होता. सर टाळत होते. त्यांच्या आईचं बघून मी घाबरलो होतो, म्हणून मागं लागलो. अक्षरशः भांडलो. शेवटी तयार झाले. डॉक्टरांनी ऑपरेशनच्या आधी सगळ्या सूचना दिल्या आणि म्हणाले, "आणि हो, महिनाभर काजळ नाही. दोन्ही डोळ्यांना नाही."

बाहेर आल्यावर सर पायरीवर बसले. "तिला कसं सांगू? निवडणुकीच्या वेळी मी जाऊन येईपर्यंत जेवली नव्हती ती. महिनाभर उपाशी राहील, कुलकर्णी."

त्यावरची युक्ती त्यांचीच होती, पण हो मी म्हणालो. मी त्यांच्याच अंगकाठीचा, मिशी मलाही आहे. मी शाळेत जाताना त्यांच्या घरी थांबायचं, त्यांच्या जागी आईसमोर बसायचं. काजळ माझ्या डोळ्यांत. सर दारात उभे राहून बोलणार, म्हणजे आवाज त्यांचा.

"बोलायचं नाय. वर बघ म्हणाली की वर बघायचं. झालं की पाया पडायचं," त्यांनी मला आदल्या दिवशी शिकवलं. नाटकाची तालीम घेतात तसं.

ऑपरेशननंतरच्या पहिल्या सकाळी मी पाटासमोर बसलो. सगुणाबाईंनी हनुवटी धरली. बोटं खरखरीत आणि ऊबदार. त्या जरा थांबल्या. मग म्हणाल्या, "वर बघ."

मी वर बघितलं. माझी आई मी लहान असतानाच गेली. माझ्या डोळ्यांत काजळ कुणी घातलं असेलच, पण मला ते आठवत नाही. तुपाचा वास आला, डोळ्यांतून पाणी आलं.

"लागलं का रे?"

"नाय माय," दारातून सर म्हणाले.

"आवाज लांबून येतो. सर्दी झाली का काय?"

"व्हय, जराशी."

मी मान वळवून बघितलं. डोळ्यांवर ऑपरेशनचा काळा चष्मा, एक हात तोंडावर घट्ट दाबलेला, आणि खांदे गदागदा हलत होते. इतक्या वर्षांत त्या माणसाला असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

शाळेत जायच्या आधी गेटजवळच्या नळावर मी ते काजळ धुऊन टाकायचो. रोज. मुली जिथं धुवायला नव्हत्या तयार, त्याच नळावर. मला लाज वाटायची. केरबा सर रजेवर होते, त्यामुळं त्यांना ते कधी दिसलं नाही.

असे जवळजवळ तीन आठवडे गेले. रोज सकाळी तीच गंमत. "आज दाढी बरी केलीस." दारातून "व्हय माय." एकदा त्या म्हणाल्या, "वजन वाढलंय तुझं, गाल भरलेत." त्या दिवशी सरांना चूळ भरायच्या निमित्तानं मोरीत पळावं लागलं.

मग तो रविवार आला. शाळा नव्हती, आणि या खेपेला मी काजळ धुतलं नाही, तसाच घरी आलो. मुलगी हसली, म्हणाली, "बाबा, छान दिसतंय." दुपारी पेपर तपासत बसलो होतो तेव्हा सरांच्या शेजाऱ्यांचा फोन आला. सर दुपारची झोप काढून चहा ठेवायला उठले होते, आणि गॅसपाशीच कोसळले. मी पोचलो तेव्हा डॉक्टर येऊन गेले होते. छातीतली कळ. कुणाला काही करायला वेळच मिळाला नव्हता.

गावाकडून भाऊबंद आले. संध्याकाळच्या आत सगळं उरकायचं ठरलं. दारासमोर, कढीपत्त्याच्या झाडाखाली त्यांना आंघोळ घातली. पाणी मी घालत होतो. तेव्हाही माझ्या डोळ्यांतलं काजळ गेलं नव्हतं. ओघळून गालांवर आलं होतं. त्यांचा चुलत पुतण्या माझ्याकडं विचित्र नजरेनं बघत होता. मी त्याला काय सांगणार होतो? की हे याच्या वाट्याचं आहे? मी विज्ञान शिकवतो. काजळानं कुणी वाचत नाही आणि काजळावाचून कुणी मरत नाही, हे मला पक्कं माहीत आहे. तरी तांब्या रिकामा होत होता आणि डोक्यात एकच घोकणं चाललं होतं. पन्नासहून जास्त वर्षं त्याच्या आईनं त्याला झाकून ठेवलं, आणि तू तिच्यासमोर बसून ते झाकण स्वतःवर ओढून घेतलंस. वर नळावर धुऊनही टाकलंस.

अंगणात अनवाणी वावरल्यानं असेल, सरांच्या उजव्या तळपायाला काहीतरी काळं लागलं होतं. माणूस स्वच्छ जावा म्हणून मी ते अंगठ्यानं चोळलं. चिकट होतं. साबण लावून पुन्हा चोळलं, गेलं.

आंघोळीनंतर सगुणाबाईंना धरून आणलं. त्या रडत नव्हत्या. मुलाच्या उशाशी बसल्या आणि म्हणाल्या, "डबी द्या." कुणीतरी ओसरीवरची काजळाची डबी आणून हातात दिली. त्यांनी डाव्या हातानं हनुवटी धरली.

"वर बघ," त्या म्हणाल्या.

सवयीनं म्हणाल्या. त्यांनी मिटल्या पापण्यांच्या कडेनं बोट फिरवलं, आतून बाहेर, एकाच ओढीत. उरलेलं कानामागं टेकवलं. मग हात चाचपत खाली, पायापर्यंत नेला. उजव्या तळपायावरून अंगठा फिरवला, थांबला, पुन्हा फिरवला. मला वाटलं, निरोप घेत आहेत.

पुतण्या त्यांना गावाला घेऊन गेला.

मला झोप लागेना. बायको म्हणाली, जाऊन सांगून या एकदा. दिवाळीच्या सुट्टीत मी गेलो. कांद्याच्या चाळीशेजारी पुतण्याचं घर, ओसरीवर सगुणाबाई वाती वळत बसलेल्या. मी नाव सांगितलं. समोर बसलो आणि सगळं सांगून टाकलं. डॉक्टर काय म्हणाले ते, आम्ही काय ठरवलं ते, पाटासमोर रोज कोण बसत होतं ते. "मावशी, मी तुम्हाला फसवलं. त्यांच्या वाट्याचं मी घेतलं," असं म्हणालो.

त्या वात वळत राहिल्या. मग म्हणाल्या, "मास्तर, डोळं गेलं माझं. बोटं नाय गेली."

मी मान वर केली.

"पहिल्याच दिशी कळलं. केरबाच्या उजव्या पापणीत आतून बारीक गाठ हाय, ल्हानपणापासनं. तुमच्या पापणीत नाय."

"मग तुम्ही काही बोलला का नाहीत?"

"डाक्टरनं नगं म्हणलं असंल, एवढं कळतंय की मला. सांगितलं असतं तर म्या काय त्याचा डोळा फोडला असता? पण भीत व्हता माझा लेक, की मायला सोसायचं नाय. मंग म्हणलं, घेऊ दे त्याला करून." त्यांनी वात पदरावर ठेवली. "आन् दारात उभा राहून हसत व्हता तो. तोंड दाबून. मला ऐकू येत व्हतं ना. बाप गेल्यापासून तसा हसला नव्हता. म्हणून तर त्या दिशी म्हणलं, गाल भरलेत. त्याला हसवायला."

मला रडू आलं. त्यांनी हात पुढं करून माझा गुडघा चाचपला, थोपटला.

"तुमच्या डोळ्यात घातलं ते काय वाया गेलं का? तुम्ही बी कुणाचं तरी लेकरूच हायेत. आन् त्याला काय म्या तसाच ठिवला व्हता व्हय? दुपारच्याला झोपला की तळपायाला लावत व्हते टिक्का. उजव्या. तिथं डाक्टरला काय करायचंय? त्या दिशी बी लावला व्हता. व्हतं त्याच्या अंगावर. तरी गेला. तुम्ही मनाला लावून घिऊ नगा."

मी डोळे पुसले.

"आंघोळ घालताना धुतला कुणीतरी," त्या पुन्हा वात हातात घेत म्हणाल्या. "हाताला लागला नाय मला. धुणारच की. त्याला काय ठावं, घाण समजला असंल."

तेव्हा सांगायला हवं होतं. एक ओझं उतरवायला एवढ्या लांब गेलो होतो, दुसरंही तिथंच ठेवून येता आलं असतं. त्यांनी तेही माफ केलं असतं, त्या बाईंनी ते न सांगताच केलं होतं. पण माझा अंगठा मुठीत मिटलेला होता आणि जीभ उचलेना. मी चहा घेतला, पाया पडलो. निघताना त्या म्हणाल्या, "थांबा." डबी कमरेलाच होती. मी खाली बसलो. त्यांनी हनुवटी धरली, वर बघ म्हणाल्या, मी वर बघितलं. त्या दिवशी शहरात परतेपर्यंत मी तोंड धुतलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात त्याही गेल्या. पुतण्याचा फोन आला तेव्हा सगळं होऊन गेलं होतं.

केरबा सर आठवतात तेव्हा मला ते आंघोळीच्या पाटावरचे आठवायला नको असतात. मी मुद्दाम त्या रविवारची सकाळ आठवतो. जाताना मी कढीपत्त्याच्या झाडापाशी वळून पाहिलं होतं. ओसरीवर सगुणाबाई डबीचं झाकण लावत होत्या, मान किंचित दाराकडं कललेली. दारात काळा चष्मा लावलेले सर, तोंडावर हात, खांदे हलत होते. त्यांना वाटत होतं, आईला काही कळत नाही. आणि ती अगदी स्थिर बसून, कान देऊन, पोराचं हसणं ऐकत होती.